दैव पाचवे

१६ जुलै १९९९ च्या रात्री जॉन एफ. केनेडी ज्युनियर स्वतः चालवत असलेले एका इंजिनाचे पायपर साराटोगा विमान मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यालगत, मार्थाज व्हिनयार्ड बेटाच्या अलीकडे समुद्रात कोसळले. ते, त्यांची पत्नी कॅरोलिन आणि तिची बहीण असे तिघेही गेले. समुद्रात शोध चालू होता तेव्हाच एक स्पष्टीकरण जगभर फिरू लागले: केनेडी घराण्याला शाप आहे. थोरले काका जोसेफ १९४४ मध्ये विमानाच्या स्फोटात गेले होते, आत्या कॅथलीन १९४८ मध्ये फ्रान्समध्ये छोट्या विमानाच्या अपघातात गेल्या होत्या, धाकटे काका एडवर्ड १९६४ मध्ये अशाच अपघातातून जबर जखमी होऊन वाचले होते, आणि वडील व दुसरे काका रॉबर्ट यांच्या हत्या तर साऱ्या जगाला ठाऊक होत्या. स्वतः एडवर्ड यांनीही १९६९ मध्ये, चॅपाक्विडिकच्या मोटार अपघातानंतर दूरचित्रवाणीवर बोलताना, आपल्या घराण्यावर खरोखरच शाप आहे की काय असा विचार मनात आल्याचे सांगितले होते. आपल्याकडे शापाच्या जागी प्रारब्ध येते. माधवराव शिंदे ३० सप्टेंबर २००१ रोजी कानपूरच्या सभेला जाताना मैनपुरीजवळ खराब हवेत विमान कोसळून गेले. अशी बातमी आली की 'काळच आला होता' हे वाक्य आपल्या ओठांवर तयार असते. ते वाक्य खरे की खोटे हा वाद क्षणभर बाजूला ठेवू. ते कधी उच्चारावे याचा एक क्रम आपल्याच परंपरेने घालून दिला आहे, आणि तो आपण पाळत नाही, एवढेच मला दाखवायचे आहे.

आधी शापाकडे पाहू. जोसेफ यांचे विमान महायुद्धातले, स्फोटकांनी भरलेले बॉम्बर होते आणि ती स्फोटके वेळेआधी उडाली. कॅथलीन यांचे विमान वादळात सापडून डोंगराळ मुलखात कोसळले. एडवर्ड यांचे विमान धुक्यात उतरण्याच्या प्रयत्नात पडले. जे स्पष्टीकरण स्फोटकांना, वादळाला, धुक्याला आणि बंदुकीच्या गोळीला सारखेच लागू पडते, ते यांपैकी एकाही घटनेबद्दल काही सांगत नाही. या घटनांत समान काही शोधायचेच तर ते वेगळेच सापडते: हे मोठे, श्रीमंत, सतत धावपळीत असलेले कुटुंब होते आणि लहान विमानांतून प्रवास करणे त्याच्या अंगवळणी पडले होते. अमेरिकेत अशा खासगी विमानोड्डाणात दर लाख तासांमागे साधारण एक प्राणघातक अपघात होतो. नियमित प्रवासी विमानसेवेच्या तुलनेत हे प्रमाण कितीतरी पट आहे. प्रवासी विमानात दोन वैमानिक असतात, जमिनीवर हवामान आणि इंधनाचा हिशेब करणारी माणसे असतात, 'आज जाऊ नका' असे सांगण्याचा अधिकार असलेली यंत्रणा असते. छोट्या विमानात हे सगळे एकाच माणसाच्या डोक्यात सामावलेले असते, आणि बहुतेक वेळा त्याच माणसाला कुठेतरी पोहोचायची घाई असते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने वर्षभराने अहवाल दिला. रात्री पाण्यावरून खाली येताना वैमानिकाला दिशाभ्रम झाला आणि विमानावरचा ताबा सुटला, असा त्याचा निष्कर्ष आहे. धूसर हवा आणि काळोखी रात्र ही साहाय्यक कारणे धरली आहेत. इंजिनात किंवा यंत्रणेत दोष आढळला नाही. केनेडींच्या गाठीशी सुमारे ३१० तासांचे उड्डाण होते, पण या विमानावर सुमारे ३६ तासांचेच, आणि त्यातही शेजारी प्रशिक्षक नसताना जेमतेम तीन तासांचे. केवळ उपकरणांच्या भरवशावर उडण्याचा परवाना त्यांच्याकडे नव्हता. ते शिक्षण अर्धवट झाले होते. त्या रात्री बरोबर येण्याची तयारी एका प्रशिक्षकाने दाखवली होती, पण आपल्याला एकट्यानेच जायचे आहे असे उत्तर त्यांनी दिले. सूर्य मावळल्यावर विमान निघाले. त्या भागात त्या रात्री उडालेल्या इतर काही वैमानिकांनीही सांगितले, की पाण्यावर क्षितिज दिसतच नव्हते.

क्षितिज दिसत नाही म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेतले पाहिजे, कारण सगळा प्रश्न तिथे आहे. आपल्या अंतर्कर्णात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. शरीर वळले की तो द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला वळण्याची जाणीव होते. पण वळण संथ आणि एकसारखे चालू राहिले तर अर्ध्या मिनिटाच्या आतच द्रव नलिकेच्या वेगाशी जुळतो आणि जाणीव विझते. विमान एका पंखावर कललेले असते, चक्राकार खाली घसरत असते, आणि वैमानिकाला आपण सरळ आहोत अशी पक्की खात्री असते. त्याने विमान खरोखर सरळ केले, तर आता आपण उलट बाजूला कललो असे वाटून तो ते पुन्हा पहिल्या वळणात नेतो. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात उपकरणोड्डाण न शिकलेल्या वीस जणांवर याचा प्रयोग झाला. बाहेरचे काही दिसेनासे झाल्यापासून विमानावरचा ताबा जाईपर्यंत सरासरी १७८ सेकंद लागले. तीन मिनिटेही नाहीत. यात धैर्य, बुद्धी, घराणे यांचा काही संबंध नाही. शरीर सगळ्यांचे सारखेच आहे.

आता क्रमाकडे येऊ. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म घडायला पाच कारणे लागतात असे सांगितले आहे: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, निरनिराळ्या क्रिया, आणि पाचवे दैव. काया, वाचा, मनाने माणूस जे काही करतो, ते योग्य असो वा अयोग्य, त्याच्या मागे ही पाचही असतात. केनेडींच्या अपघाताचा अहवाल हाती घेऊन ही मांडणी वाचली की ती चौकशीची दिशाच वाटते. अधिष्ठान म्हणजे ते शरीर, ज्याचा कान अंधारात फसतो. कर्ता म्हणजे अर्धवट शिकलेला, पण एकट्याने जाण्याचे ठरवलेला वैमानिक. साधने म्हणजे विमान, त्यातले स्वयंचालक यंत्र, समोरची कृत्रिम क्षितिज दाखवणारी तबकडी. क्रिया म्हणजे ते वळण, ती उतरण. अखेरच्या रडार नोंदींत विमान मिनिटाला ४,७०० फुटांहून अधिक वेगाने खाली येत होते. आणि मग दैव. गीतेने ते नाकारलेले नाही, पण त्याला पाचवे स्थान दिले आहे. पहिली चार तपासण्याआधी थेट पाचव्यावर उडी घेणारा माणूस धार्मिक ठरत नाही, त्याने शास्त्रच अर्धे वाचलेले असते.

यावर जाणकार वाचक आक्षेप घेतील, की गीतेचा तो भाग मोक्षमार्गाबद्दल आहे, अपघाताच्या पंचनाम्याबद्दल नाही; आणि भाष्यकारांच्या मते तिथले दैव म्हणजे नशीब नव्हे, तर इंद्रियांच्या अधिष्ठात्री देवता. आक्षेप रास्त आहे. पण या पारंपरिक अर्थाने माझे म्हणणे अधिकच पक्के होते. शंकराचार्यांच्या भाष्यात डोळ्यावर अनुग्रह करणारी देवता आदित्य आहे. म्हणजे डोळा एकटा पाहू शकत नाही, त्याला सूर्याचे साहाय्य लागते. हजार वर्षांपूर्वीचे हे विधान त्या रात्रीच्या समुद्रावर ठेवून पाहा. सूर्य मावळला होता, धूसर हवेत किनाऱ्यावरचे दिवे पुसले गेले होते, डोळ्याची देवता गैरहजर होती. या अर्थाने दैव म्हणजे आंधळी नियती नाही. आपल्या हाताबाहेरची, पण आपल्याला आधी कळू शकणारी परिस्थिती आहे. सूर्यास्ताची वेळ छापलेली असते आणि दृश्यमानतेचा अंदाज विचारता येतो. अशा दैवाचा मान राखणे म्हणजे सकाळपर्यंत थांबणे.

छोट्या विमानांच्या इतर अपघातांतही हेच दिसते. अमेरिकेतल्या नोंदींनुसार सुमारे तीन चतुर्थांश अपघातांचे मूळ वैमानिकाच्या निर्णयात किंवा कौशल्यात असते. यंत्राचा दोष त्या मानाने कमी वेळा सापडतो. हवेतच ताबा सुटणे हे प्राणघातक अपघातांचे सर्वांत मोठे कारण आहे. धावपट्टीवर उतरण्यासाठी शेवटचे वळण घेताना ते जरा मोठे झाले, म्हणून वैमानिक विमान आणखी कलवतो आणि नाक वर ओढतो. पंखांवरचा हवेचा प्रवाह तुटतो, विमान गरगरते, आणि सावरायला उंचीच नसते. इंधन संपते, ज्याचा हिशेब कागदावर पाच मिनिटांत झाला असता. दमट हवेत, अगदी उबदार दिवशीसुद्धा, कार्ब्युरेटरमध्ये बर्फ जमून इंजिन गुदमरते. त्यासाठी गरम हवेची कळ समोर असते, ती ओढायची राहते. योगवासिष्ठाच्या मुमुक्षु प्रकरणात दैव म्हणजे दुसरे काही नसून आधी केलेला आपलाच पुरुषार्थ, असा आग्रहाने युक्तिवाद केला आहे. विश्वातल्या सगळ्या घटनांना तो लागू पडेल असे मी म्हणणार नाही, पण हवेत बंद पडलेल्या इंजिनाला तो बहुतेक वेळा लागू पडतो. टाकीच्या तळातले पाणी तपासायचे सकाळी राहिले आणि दुपारी ते दैव होऊन समोर आले. अमेरिकेचे विमान वाहतूक प्रशासन वैमानिकांना पाच घातक वृत्ती शिकवते. नियम झुगारणे, उतावीळपणा, 'मला काही होणार नाही' ही खात्री, मर्दुमकी दाखवणे या चार आपल्याला अपेक्षितच असतात. पाचवी आहे हताश शरणागती: आता माझ्या हातात काही नाही, जे व्हायचे ते होईल. म्हणजे अपघातानंतर आपण ज्या दैववादात सांत्वन शोधतो, तोच विमानाच्या आत अपघाताचे एक कारण म्हणून नोंदला गेला आहे.

सर्वांत बळकट आक्षेप मात्र पुढचा आहे. ढगात शिरलेले, इंधन संपत आलेले, कमी झोपेवर उडालेले कितीतरी वैमानिक सुखरूप उतरतात. मग जो पडला आणि जो उतरला यांत नशिबाशिवाय फरक काय? हे मान्य करावेच लागेल. दोघांनी सारखाच धोका पत्करला, एकाला वाट मिळाली, एकाला नाही. इतका अंश आपल्या हातात नाही, आणि त्याला दैव म्हणायला माझी हरकत नाही. पण यातून काय शिकायचे? कर्माचा न्याय फळावरून करू नये, ही गीतेची शिकवण आपण प्रवचनात ऐकतो आणि तिथेच ठेवून येतो. सुखरूप उतरलेल्या वैमानिकाला फळ चांगले मिळाले, म्हणून त्याचे कर्म चांगले ठरत नाही. उलट तोच जास्त धोक्यात असतो, कारण आपला निर्णय बरोबर होता असे त्याला वाटते आणि पुढच्या वेळी तो आणखी थोडे पुढे जातो. कोण पडणार हे दैव ठरवत असेल, पण इतके जण पडण्याच्या जागी का उभे होते, याचे उत्तर माणसांकडेच आहे.

मग मेलेल्या माणसालाच गुन्हेगार ठरवायचे का? तेही नाही, आणि इथेही आधार त्याच अध्यायात आहे. पाच कारणे सांगून झाल्यावर गीता लगेच म्हणते, की जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याला खरे दिसत नाही. स्वतःबद्दलचे हे बोल दुसऱ्याबद्दलही तितकेच लागू आहेत. 'वैमानिकाची चूक' एवढे लिहून फाईल बंद करणे हा शापाइतकाच आळशी निष्कर्ष आहे. एक पाचव्या कारणावर थांबतो, दुसरा दुसऱ्यावर. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांत अपघाताच्या चौकशीचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणे हा आहे, दोष किंवा जबाबदारी वाटणे हा नाही. ही भूमिका मला नैतिक दृष्ट्याही श्रेष्ठ वाटते. ती माणसाला निर्दोष ठरवत नाही आणि एकटे पाडून शिक्षाही देत नाही. त्याच्याभोवतीची सगळी कारणे त्याच्या शेजारी मांडते.

राहतात ती मागे उरलेली माणसे. ज्या आईचा मुलगा गेला तिला अंतर्कर्णातल्या द्रवाची माहिती देऊ नये; तिने 'देवाची इच्छा' म्हटले तर तिचा हात धरून गप्प बसावे. तो तिचा अधिकार आहे. तो अधिकार चौकशी करणाऱ्याला नाही, विमानाच्या मालकाला नाही, पाहुण्यांना उशीर होईल म्हणून वैमानिकावर निघण्यासाठी दडपण आणणाऱ्या यजमानाला तर मुळीच नाही. आणि जो उद्या संध्याकाळी धूसर आकाशाखाली इंजिन सुरू करायला बसणार आहे, त्यालाही नाही. त्याला माझी विनंती एवढीच, की देवाला नमस्कार जरूर करावा, आणि क्षितिज दिसत नसेल तर विमानातून उतरून दुसऱ्या दिवशी निघावे.