टाकाऊतून टिकाऊ, पण ऋण फिटतं का?



बालवर्गाची ‘टाकाऊतून टिकाऊ’ स्पर्धा जाहीर झाली आणि आपल्या इंदूरच्या ग्रुपवर एका आईचा मेसेज आला, “उद्यापर्यंत पाण्याच्या २० बाटल्या हव्यात, कुठे विकत मिळतील का?” सगळे हसले. त्या बिचारीचं काही चुकलं नाही, मुलाने रात्री नऊला सांगितलं असणार! पण आम्हा काही जणींना तेव्हापासून एक प्रश्न पडलाय. वस्तू सुंदर करून पुन्हा वापरली की ती घेतल्याचं ऋण फिटतं का?

आपल्या आज्या-सासवांना पुनर्वापर कुणी शिकवला नव्हता. बरणी रिकामी व्हायची वाट डाळ बघत असायची. तेलाचा डबा संपला की त्यात तुळस लागायची. म्हणजे गरज आधी होती. आता बरणी आधी रिकामी होते आणि तिचं करायचं काय, ते आपण यूट्यूबवर शोधतो. म्हणून आम्ही एक साधी कसोटी धरली आहे. या वस्तूमुळे नवीन काही घ्यायचं वाचलं का? वाचलं असेल तर तो खरा पुनर्वापर. नाहीतर कचऱ्याला चार महिने शोकेसमध्ये मुक्कामाला ठेवलं, एवढंच.

पाण्याच्या बाटलीचंच बघा. तळाशी त्रिकोणात १ आकडा असतो. अशी स्वच्छ बाटली कबाडी आनंदाने नेतो. तिचे तुकडे होतात, धुऊन वितळवून त्यांचा धागा निघतो, तो कापडात जातो, उशीत भरला जातो. तीच बाटली ऑइल पेंटने रंगवली, वर चमकी आणि फेविकॉल लावला की कबाडी तिला हात लावत नाही. कुंडी करून गच्चीत टांगली तर ऊन खाऊन ठिसूळ होते आणि तिचे कपचे मातीत पडतात. म्हणजे जिला पुढचा जन्म मिळाला असता, तिचा रस्ता आपणच बंद केला.

उलट सेव-नमकीनचा चकचकीत पुडा घ्या. (इंदुरात तो कुणाच्या घरात नाही?) त्यात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सहज वेगळे होत नाहीत, म्हणून त्याला भाव नाही. त्याच्या पट्ट्या कापून आसन विणलं, पिशवी केली, तर ते हात सार्थकी लागले म्हणायचे. मुलांना कला करायचीच असेल तर पुड्याची करू द्या, बाटली कबाड्याला द्या.

मदुराईचे प्रा. राजगोपालन वासुदेवन यांनी तापलेल्या खडीवर कातरलेल्या प्लास्टिकचा थर चढवून मग डांबर घालायची पद्धत काढली. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. मोठंच काम. पण रस्ते होतात म्हणून आणखी एक पुडा फोडायला हरकत नाही, असं त्यातून निघत नाही.

आणि इथेच आम्हाला आपल्या शहराची थोडी काळजी वाटते. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर, कचऱ्याचे सहा भाग, देवगुराडियाला साठलेला सुमारे १३ लाख टन जुना कचरा साफ झाला. ग्वाल्हेर-बडोद्याचे पाहुणे आले की आपण कौतुकाने सांगतो, सांगावंच. पण रोज सकाळी गाडी येते, टाकलेलं नजरेआड होतं आणि त्याबरोबर मनही मोकळं होतं. पुढे ती दुधाची पिशवी कुणाच्या तरी हातात जाते. मशिनं आली तरी निवडणारी माणसं आहेतच. आंबलेली पिशवी त्यांच्यापुढे जाणं आणि विसळलेली जाणं यात फरक आहे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि आमच्या मते ती सेवाच. अपरिग्रह म्हणजे साठवू नये, एवढंच आपण धरतो. मुळात घेताना हात आखडायचा, हा भाग सोयीने राहून जातो.

येत्या उत्सवात हॉलला बाटल्यांचं तोरण करायचं अशी सूचना आहे. करा, छान दिसेल. पण त्याच हॉलमध्ये महाप्रसादाला प्लास्टिकच्या वाट्या, चमचे, पाण्याचे ग्लास असतील तर ते तोरण कशाचं? स्टीलची ताटं भाड्याने मिळतात. अडचण वेगळीच आहे. ४०० ताटं धुणार कोण? एका ताईंनी मीटिंगमध्ये स्पष्टच विचारलं, “पृथ्वी वाचवायची आणि कंबर आमची मोडायची का?” प्रश्न अगदी रास्त आहे. बायकांच्या पाठीवर ओझं टाकून मिळवलेलं पुण्य आम्हालाही नको.

म्हणून धुण्याच्या दोन पाळ्या केल्या आहेत आणि दोन्ही फक्त दादांसाठी. पहिल्या पाळीत सात नावं आली आहेत. दुसरी अजून रिकामी आहे.