धाग्याचा निर्णय कुणाचा?

सोलापुरात कापडाची मोजदाद सगळ्यांना येते. चादरीचं वजन किती, टॉवेल डझनाला काय भावानं गेला, सुताचा दर आज किती चढला, हे शहराच्या पूर्व भागातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर कळतं. पण चादरीवरची नक्षी सुचली कुणाला, हा लाल एवढाच गडद ठेवायचा हे ठरवलं कुणी, असं मात्र कुणी विचारत नाही. ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या मागाच्या आवाजावर मुलं झोपली, तिथं विणकामातल्या सर्जनाबद्दल एवढं थोडं का बोललं जातं? मला त्याचं कारण असं दिसतं: सर्जन म्हणजे मुळात निर्णय घेणं, आणि सोलापूरच्या धाग्यावरचे निर्णय गेल्या दीडशे वर्षांत एकेक करून विणणाऱ्याच्या हातून गेले.

धाग्याशी खेळणारा कलावंत नेमकं काय करतो, ते आधी पाहू. सूत कातताना पीळ किती द्यायचा, इथून त्याचे निर्णय सुरू होतात. पीळ जास्त दिला तर सूत कणखर होतं, ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, ओढा सोसतं. कमी दिला तर ते मऊ, फुगीर राहतं आणि बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यांत, अंग भरून दिसतं. कापड अंगाला कसं लागेल, प्रकाश त्यावर कसा पडेल, याचा अर्धा निकाल माग लावण्याआधीच चात्यावर लागलेला असतो.

मग रंग. सोलापूर जिल्हा डाळिंबाचा. रसाच्या गाड्यांवरून साल रोज कचऱ्यात जाते. ती वाळवून, उकळून, गाळून त्या पाण्यात तुरटी लावलेलं सूत बुडवलं की उबदार पिवळा रंग चढतो. हेच सूत लोखंडाच्या पाण्यातून काढलं की तो पिवळा बघता बघता मावळतो. आधी शेवाळी होतो, मग करडा. साल तीच, सूतही तेच. कुठं थांबायचं एवढं मात्र रंगवणाऱ्यानं ओळखायचं. निळीचं तर त्याहून नवल. चुना आणि गूळ घालून आंबवलेल्या रांजणातून सूत वर येतं तेव्हा ते हिरवट-पिवळं असतं. हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होत जातं. म्हणजे रंग रांजणात असताना कळत नाही, बाहेर आल्यावर कळतो. किती वेळा बुडवायचं, मध्ये किती वाळू द्यायचं, हे सवयीच्या डोळ्यालाच समजतं. या जिल्ह्यात निराळी नावाचा समाज निळीनं रंगवण्याचं काम पिढीजात करत आला. 1868 साली मंजिष्ठेतला लाल रंग प्रयोगशाळेत तयार झाला, 1897 पासून जर्मनीची कृत्रिम नीळ बाजारात आली आणि रांजणावरची ती नजर कालबाह्य ठरली. कृत्रिम रंगांनी गरिबाच्या अंगावर स्वस्त आणि पक्का रंग आणला, त्याबद्दल मला तक्रार नाही. मात्र रंगाचा निर्णय त्यासोबत डब्यावरच्या क्रमांकात गेला, एवढं खरं.

कातण्याचा निर्णय त्याआधीच गेला होता. 1877 साली सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली, जिला गाव पुढं जुनी गिरणी म्हणू लागलं. सूत गिरणीतून यायला लागलं, घरचा चरखा थांबला. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी हातमागावर या गावाचं नाव केलं. पुढं हातमागाच्या जागी यंत्रमाग आला. राहिली नक्षी. ती जकार्डकडे गेली.

जकार्डला मी कमी लेखत नाही. फ्रान्समधल्या ल्योंच्या जोसेफ मारी जकार्डनं 1804 च्या सुमारास सिद्ध केलेली ही युक्ती बुद्धीचा मोठा चमत्कार आहे. आधी चौकटीच्या कागदावर नक्षी चौकोनाचौकोनानं भरायची. मग कागदावरच्या एकेका ओळीनुसार पुठ्ठ्याला भोकं पाडायची. भोक असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. असे शेकडो पुठ्ठे माळेत ओवले की चादरीवर मोर उभा राहतो. आणि चादर उलटवली की तोच मोर रंगांची अदलाबदल करून दिसतो. चौकोन भरणारा नक्षीकार अस्सल कलावंतच आहे. पण त्यानं एकदा ठरवलं की तोच मोर हजारो वेळा निघतो, आणि मागावर उभा असलेला माणूस तुटलेला धागा सांधणं नि बाण्याच्या सुताची कांडी बदलणं एवढ्यापुरता उरतो. घरी बसून कांडी भरणाऱ्या बाईला तर हातातल्या सुताचा रंग तिला कसा वाटतो, हे कुणी विचारलेलंच नसतं. ‘सोलापुरी चादर’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या अगदी पहिल्या मानांकनांत ते आहे. गावाचं नाव राखलं गेलं ही मोलाची गोष्ट. विणणाऱ्याचं नाव मात्र अजून कशावरच नाही.

तरी याच गावात उलट दिशेनं चालणारे काही हात आहेत. हातमागावर वॉल हँगिंग विणणारे, धाग्यातून माणसाचा चेहरा उभा करणारे कारागीर सोलापूरनं घडवले. त्या कामातली अडचण जवळून पाहण्यासारखी आहे. मागावर धागे फक्त उभे आणि आडवे. गालाची गोलाई त्यांना ठाऊकच नाही. ती पायऱ्यापायऱ्यांनी, एका ओळीत एक धागा पुढं आणि दुसरीत एक मागं असं करत फसवून आणावी लागते. डोळ्यातली चमक म्हणजे पांढऱ्या सुताचे दोन-तीन फेरे. एक फेरा जास्त झाला की नजर बटबटीत होते. त्यात विणलेला भाग खालच्या रुळावर गुंडाळला जातो. चित्रकार चार पावलं मागं सरकून चित्र पाहतो, विणकराला ती सोय नाही. हनुवटी नजरेआड गेल्यावर तो कपाळ विणत असतो. अख्खा चेहरा मनात धरून एकेक फेरा ठरवणं, याला मी वरच्या दर्जाची कला मानतो.

ही ताकद विणकामात आहे, हे आपल्याकडे ओळखलं गेलेलं आहे. 1956 पासून मुंबईत आणि इतरत्र विणकर सेवा केंद्रं सुरू झाली आणि चित्रकार तिथं विणकरांशेजारी बसले. आपले प्रभाकर बरवे 1961 साली अशा केंद्रात रुजू झाले, काही वर्षं बनारसला राहिले. ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकात सर्जनाचा एवढा बारकाईनं शोध घेणाऱ्या या चित्रकाराची दोन दशकं विणकरांच्या सहवासात गेली, याचं मला फार महत्त्व वाटतं. मुंबईच्या मोनिका कोरिया यांनी तर विणता विणता मागाची फणीच काढून टाकली. फणी ताण्याला ओळीत ठेवते. ती गेल्यावर धागे सुटले, वळले, झाडाच्या सालीसारखे वाहू लागले. त्यांचं 1972 चं काम न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. फणी काढायला अंगी कौशल्य लागतंच. त्याहून जास्त लागते ती काढण्याची मुभा.

प्रश्न अडतो तो इथंच. कारखान्यात मजुरी मालावर मिळते. चूक झाली तर माल दुय्यम ठरतो, पैसे कापले जातात. ज्याला चुकणं परवडत नाही, तो नवं काही करून पाहणार कसा? रंगाचा नवा हात, पिळाचा नवा अंदाज, सगळं आधी दहा वेळा बिघडतं तेव्हा कुठं साधतं. कलावंताच्या बिघडलेल्या कामाला आपण अभ्यास म्हणतो, विणकराच्या बिघडलेल्या कामाला नुकसान. दोघांत फरक हाताचा नाही, बिघाडाचा खर्च कोण सोसतो याचा आहे. बाजार हा खर्च आपण होऊन सोसणार नाही, म्हणून तो गावानं, संस्थांनी आणि शासनानं मिळून उचलायला हवा.

त्यासाठी फार मोठं काही लागत नाही. वस्त्रोद्योग शिकवणाऱ्या संस्थेत मीटरचा हिशेब नसलेले चार हातमाग ठेवावेत आणि ते विद्यार्थ्यांइतकेच जुन्या विणकरांनाही खुले असावेत. शेजारी एक रंगशाळा असावी, तिथं डाळिंबाची साल, हिरडा, नीळ यांचे प्रयोग व्हावेत आणि त्यांच्या नोंदी राहाव्यात. कांडी भरणाऱ्या बायकांना तिथं रंग ठरवायला बसवावं. सांगोल्याकडच्या घोंगडी विणणाऱ्यांनाही बोलवावं. मेंढीच्या मूळच्या काळ्या-करड्या लोकरीतून रंग न लावता छटा कशा काढायच्या, आणि चिंचोक्याच्या खळीनं खरबरीत धागा मागावर कसा वठणीवर आणायचा, हे त्यांच्याइतकं कुणाला येत नाही. आणि तिथं विणलेल्या प्रत्येक कापडाच्या काठावर विणणाऱ्याचं नाव असावं.

सांधणी करणारी बोटं, ताण जोखणारा तळहात, सुताची जात अंधारातही ओळखणारा अंगठा, हे सगळं सोलापूरकडे आज आहे. दुसऱ्या एखाद्या शहराला ते जमवायला दोन पिढ्या लागतील. इथं उणीव आहे ती थोड्या मोकळ्या वेळाची आणि चुकण्याच्या हक्काची. दोन्ही गोष्टी जुने हात थकायच्या आत द्यायला हव्यात, कारण असे हात एकदा गेले की अनुदान देऊन परत येत नाहीत.