वीस मिनिटं

कोर्टाच्या कागदावर शब्द होता ‘ताबा’. फ्लॅटचा ताबा, गाळ्याचा ताबा, तसा सात वर्षांच्या माझ्या नातवाचा ताबा. तो त्याच्या आईकडे. माझ्या मुलाला भेट दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी 10 पासून रविवारी संध्याकाळी 6 पर्यंत. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी अर्धी-अर्धी.

त्या शब्दाचा मला फार राग आला. पोर म्हणजे काय जमिनीचा तुकडा आहे?

मी शाळेत संस्कृत शिकवायचे. ‘मम’ म्हणजे माझे, त्याला ‘ता’ प्रत्यय लागला की ममता, म्हणजे माझेपण. गीतेत बाराव्या अध्यायात भक्ताचं लक्षण ‘निर्मम’ असं येतं, तिथे मी वर्गाला बजावायचे, मराठीतला निष्ठुर हा अर्थ इथे घेऊ नका. वर्गात सांगणं सोपं होतं.

जातककथेतला महोसध जमिनीवर रेघ ओढतो, मूल मधे ठेवतो आणि दोघींना ओढायला सांगतो. मूल रडताच जी हात सोडते, ती खरी आई. पण त्या दोघींतली एक यक्षिणी होती. आमच्याकडे दोन्ही बाजूंना खरीच माणसं. शिवाय कोर्टात हात सोडला तर ‘यांना मूल नकोच आहे’ असं म्हणतात, म्हणून कुणीच सोडत नाही.

कायद्याला हे कळलेलं दिसतं. 1956च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं तेरावं कलम अज्ञान मुलाचं कल्याण सर्वांत वरचं मानतं. मूल कोणाचं, हा प्रश्न त्याच्या खालचा. महाभारतातली गंगाही शंतनूला सोडताना देवव्रताला घेऊन गेली, शिकवून मोठा केला आणि पुढे आणून बापाच्या हाती दिला. लहानपणी मला ती निष्ठुर वाटायची.

गेल्या श्रावणातला रविवार. सहा वाजत आले होते आणि मी मुद्दाम शिरा करायला घेतला. रवा मंद आचेवर भाजत राहिले. फोन वाजला. जी मला पूर्वी ‘आई’ म्हणायची, ती म्हणाली, “मी खाली आलेय.” बाहेर पाऊस, रिक्षाचं मीटर चालू. मी म्हटलं, “येतोय हं, खातोय.” वीस मिनिटं मिळवली. खरं सांगते, जिंकल्यासारखं वाटलं.

शिऱ्याची वाटी घेऊन बाहेर आले तर नातू दाराशी बसलेला. पायात बूट, पाठीवर दप्तर. त्याच्या बापाने सांगितलं, साडेपाचपासून असाच बसलाय. शिरा त्याने दोन घासांत गिळला आणि विचारलं, “आजी, आता आई रागावली असेल का तुझ्यावर?”

मोठ्यांची भांडणं होऊ नयेत म्हणून ते पोर घड्याळ राखत होतं. कोर्टाने ताबा हा शब्द कागदावर लिहिला होता, मी तो शिऱ्यात कालवला होता.

भेटीचा हक्क आजीचा नाही, बापाचाही नाही. तो त्या मुलाचा आहे, आणि वेळेवर परत जाणं हाही त्याच हक्काचा भाग आहे.

आता शिरा चार वाजता होतो. पावणेसहाला त्याचं दप्तर घेऊन मीच खाली उतरते. एक डबा तिच्यासाठीही असतो. तो ती घेते. धुऊन परतही पाठवते.