हिवाळ्यांतील बिऱ्हाडें

नोकरीच्या अखेरच्या दिवशीं हारतुरे घेऊन घरीं परतणाऱ्या गृहस्थास आपण 'सेवानिवृत्त' म्हणतों. या शब्दांतील 'निवृत्ति' आपल्या तत्त्वज्ञानांतून आलेली आहे हें सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. कारण सरकारी कागदावर बसतांना तिनें आपला पूर्वेतिहास बाहेरच ठेवला आहे. तत्त्वज्ञाची निवृत्ति वासना क्षीण झाल्यावर येते. सरकारी निवृत्ति अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षीं, वासनांची कसलीहि चौकशी न करतां, ठरल्या तारखेस येते. त्यामुळें हातांत वेळ आहे, दरमहा निवृत्तिवेतन येतें आहे, पण मन मात्र प्रवृत्तीनें भरलेलें आहे, अशी एक अवस्था मध्यम वर्गांत उत्पन्न झाली आहे. ती मनूला ठाऊक नव्हती. मनूच्या गृहस्थानें अंगावर सुरकुत्या दिसल्या, केस पिकले आणि नातवंड पाहिलें म्हणजे वनाची वाट धरावी. पत्नीस मुलांच्या स्वाधीन करावें अथवा बरोबर न्यावें. या दोहोंपैकीं तिला काय आवडेल हें विचारण्याची तरतूद मात्र त्यानें केलेली दिसत नाहीं.

आमच्या बीड जिल्ह्यांत जाऊन राहावें असें वन फारसें उरलेलें नाहीं. मुलें पुण्यास, बंगलोरास किंवा त्याहूनहि दूर गेलेलीं असतात. घर मोठें आणि माणसें दोन. मग दिवाळीचा फराळ संपला, हवेंत गारवा आला, म्हणजे कोणी शिक्षक, कोणी बँकेंतील अधिकारी, कोणी पाटबंधारे खात्यांतील अभियंता घराला कुलूप लावून सपत्नीक बाहेर पडतो. अंबाजोगाईस योगेश्वरीचें दर्शन व मुकुंदराजांची समाधि, परळीस वैजनाथ, ही झाली घरच्या घरीं यात्रा. पुढें लातूर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर, जेथें जेथें जुना सहाध्यायी किंवा सहकारी असेल तेथें तेथें दोन-दोन दिवस. २०२५ च्या सप्टेंबरांत बीडला आगगाडी आली, तरी या मंडळींचें वाहन म्हणजे आपली लहानशी मोटार. अमेरिकेंत अशीं वृद्ध जोडपीं चाकांवरचें घर घेऊन ॲरिझोना किंवा फ्लोरिडाच्या उन्हांत हिवाळा काढावयास जातात. महाराष्ट्र शासनानेंहि २०२१ सालीं कॅराव्हॅन-पर्यटनाचें धोरण आखलें. पण आपल्याकडे तें फारसें रुजेल असें मला वाटत नाहीं. ज्याला मित्राच्या घरीं उतरण्याची सवय आहे त्याला चाकांवरचें स्वयंपाकघर कशाला हवें?

या भटकंतीवर पहिला आक्षेप जुनाच आहे. माणूस कोठेंहि गेला तरी स्वतःला बरोबर घेऊनच जातो, तेव्हां स्थलांतरानें मनाची तळमळ जात नाहीं, असें रोमन तत्त्वज्ञ सेनेका सांगून गेला. तें खरें आहे. पण हीं जोडपीं तळमळ घालविण्यास निघालेलीं नसतात. मित्रास भेटण्यास निघालेलीं असतात, आणि येथें सेनेकापेक्षां ॲरिस्टॉटल अधिक उपयोगी पडतो. अंतरामुळें मैत्री तुटत नाहीं, तिचा व्यापार तेवढा थांबतो. परंतु वियोग फार लांबला तर मैत्रीचाच विसर पडूं लागतो, असें त्याचें मत होतें. तीस वर्षें ज्याला आपण फक्त लग्नाच्या मांडवांत किंवा दुखवट्याला भेटलों, रोज सकाळीं ज्याच्याकडून फुलांचें चित्र आणि सुविचार एवढेंच दूरध्वनीवर येतें, त्याच्याशीं आपली मैत्री आहे कीं ओळख, हें त्याच्या घरीं दोन रात्री काढल्याशिवाय कळत नाहीं. म्हणून या भेटींना मी चैन म्हणणार नाहीं. कित्येकदां तें थकलेलें देणें असतें.

देणें म्हटलें कीं हिशेब आला. इमॅन्युएल कांटनें १७९५ सालीं चिरशांतीवर जो निबंध लिहिला त्यांत भेटीस येण्याचा हक्क आणि पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क यांत त्यानें भेद केला आहे. पृथ्वीचा पृष्ठभाग सर्वांचा सामाईक आहे, म्हणून परक्याला येण्याचा हक्क आहे. राहण्यास मात्र यजमानाची खास संमति लागते. हा कांट स्वतः कोनिग्सबर्गचा परिसर सोडून कधीं दूर गेला नाहीं, ही गोष्ट निराळी. मनु तर शब्दाच्या व्युत्पत्तींतच मर्यादा घालतो: ज्याचें राहणें नित्य नाहीं तो अतिथि, एक रात्र राहील तोच खरा. आणि आपली म्हण तिसऱ्या दिवशीं राहणाऱ्या पाहुण्याची अक्कलच काढते. तिघांचेंहि लक्ष दिवस मोजण्याकडे आहे. चूल कोण पेटवितें हें तिघांनींहि पाहिलेलें नाहीं. बैठकींत दोन मित्र जुन्या हेडमास्तरांच्या नकला करून पोट धरून हंसत असतात. आंत साठी ओलांडलेली, गुडघे धरलेली यजमानीणबाई पुरणाचा घाट घालते, आणि पाहुणीबाई 'तुम्ही बसा हो वहिनी' म्हणत पदर खोंचून पोळपाट ओढून घेते. घराला कुलूप लावून ती निघाली ती एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर आली. पतीची निवृत्ति झाली, पत्नीची बदली झाली. ज्या घरांत पाहुणे आले म्हणजे चार दिवस पिठलें-भाकरीवर भागवितात आणि दोघी बाया गप्पांना मोकळ्या राहतात, त्या घरचा पाहुणचार मला अधिक सुसंस्कृत वाटतो. पण अशीं घरें थोडीं.

आतां ज्या रस्त्यानें ही मोटार जाते त्या रस्त्याविषयीं. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यांतून बाहेर पडणारें जोडपें हें एकटेंच नसतें. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, वडवणी, धारूर, केज या बाजूंच्या गांवांतून त्याच दिवसांत लाखोंनीं माणसें पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत ऊंस तोडण्यास निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर किंवा टायरच्या बैलगाडीवर पत्रे, बांबू, पातेलीं, गोधड्या, पिठाचा डबा, कोंबड्या, एखादी शेळी आणि त्या सगळ्यावर बसलेलीं मुलें. चाकांवरचें घर पाहावयास अमेरिकेस जाण्याचें कारण नाहीं. या धंद्यांत पति-पत्नीच्या जोडीस 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती कोयत्यावर. तोडलेल्या टनांतून ती फिटते, न फिटली तर पुढच्या हंगामावर चढते. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहते. फडावरून कोपींत परतल्यावर भाकऱ्या तीच थापते. एखादे दिवशीं एकजण आजारी पडलें तर खाडा धरला जातो, म्हणजे मजुरी बुडून वर दंड. २०१९ सालीं नेमलेल्या शासकीय समितीच्या पाहणींत जिल्ह्यांतील सुमारें ८२,००० ऊंसतोड स्त्रियांपैकीं १३,००० हून अधिक स्त्रियांचें गर्भाशय काढलेलें आढळलें. त्यामागें डॉक्टरांचा लोभ किती, अज्ञान किती आणि खाड्याची भीति किती याचा वाद अजून चालूं आहे. भीति होती याविषयीं वाद नाहीं.

विवाहितांचें अद्वैत आपण मंगलाष्टकांत गातों. ऊंसाच्या धंद्यानें तें हिशेबाच्या वहींत उतरविलें, आणि दोघांचें मिळून एक हत्यार केलें.

मात्र मला अधिक अस्वस्थ करते ती दुसरी गोष्ट. आमच्या वर्गांत हिवाळा आला कीं म्हातारीं निघतात. तिकडे तरुण निघतात आणि म्हातारीं राहतात. मार्गशीर्षांत त्या गांवांत गेलें तर ओसरीवर एक आजी, एक आजोबा आणि तीन-चार नातवंडें एवढाच संसार दिसतो. तो पांच महिने चालवावयाचा असतो. पाणी आणणें, शाळेंत पाठविणें, तापांत उशाशीं बसणें, सगळें त्यांच्यावर. मनूच्या सांगण्याप्रमाणें सुरकुत्या आल्या, केस पिकले, नातवंडहि पाहिलें. पण नातवाचें तोंड हीच त्यांच्या दुसऱ्या नोकरीची नेमणूक. त्यांना कोणत्या तारखेस निवृत्त म्हणावें?

यावर मला दोन उत्तरें मिळालीं आहेत. एक असें कीं हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे, त्यांत नीति आणूं नये. हें उत्तर देणारे गृहस्थ बहुधा चहांत दोन चमचे साखर घालीत असतात. दुसरें उत्तर भाविक माणसांचें: मग आम्हीं फिरूंच नये काय? फिरावें. आपण घरीं बसल्यानें कोणाची उचल फिटत नाहीं, आणि दुसऱ्याच्या दुःखाकरितां आपल्या मित्राला न भेटणें ही तपश्चर्या फुकट जाते. माझा प्रश्न याहून लहान आहे. भेटीस जाण्याच्या घरांची यादी आपण कशी करतों? निवृत्त शिक्षकाच्या यादींत सहकारी असतात, सहाध्यायी असतात, मोठ्या हुद्द्यावर चढलेले दोन-चार विद्यार्थीहि असतात. परंतु दर वर्षीं दिवाळीच्या सुटीनंतर ज्यांचीं बाकें रिकामीं राहिलीं, ज्यांच्या नांवांपुढें त्यानें तीस वर्षें गैरहजेरी मांडली, तेहि त्याचेच विद्यार्थी होते. ॲरिस्टॉटल म्हणतो कीं दोघांतील अंतर फारच वाढलें, देव आणि माणूस यांच्याइतकें झालें, कीं मैत्री संभवत नाहीं. एका निवृत्तिवेतनानें तेवढें अंतर पडतें काय?

माझ्या परिचयाचे एक निवृत्त मुख्याध्यापक व त्यांच्या पत्नी गेल्या हिवाळ्यांत सोलापुराकडे जातांना वाट वांकडी करून एका फडावर गेलीं. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी तेथें होती. सातवीपर्यंत वर्गांत पहिली, मग लग्न. तिला आनंद झाला, हें सांगतांना त्यांचा स्वर बदलतो. 'गुरुजी आले' म्हणून तिनें कोयता खाली ठेवला, धांवत कोपींत जाऊन कोरा चहा केला, गोणपाट झटकून अंथरलें. परंतु ट्रॉली भरावयाची होती आणि मुकादम दोनदां येऊन पाहून गेला. पाहुणचाराचा एकेक क्षण तिच्या टनांतून वजा होत होता, हें मुख्याध्यापकांना दिसत होतें. उठावें तर तिचा अपमान, बसावें तर तिचें नुकसान. कांट, मनु आणि म्हण, तिघांनाहि हा प्रसंग ठाऊक नव्हता. त्यांच्या पत्नीनें मात्र विचार करण्यांत वेळ घालविला नाहीं. तिनें कोपीबाहेर निजलेलें तान्हें मूल मांडीवर घेतलें, परातींत पीठ ओढलें, आणि 'जा ग, तूं मोळ्या बांध, तुझ्या भाकरी मी टाकतें' म्हणून मुलीला फडाकडे पिटाळलें. मुख्याध्यापक बांधावर बसून राहिले. त्यांना मोळी बांधतां येत नव्हती, आणि भाकरीहि.