शुश्रूषा करणारा पुरुष आणि आमची वाहवा

आमच्या मंडळीतील एका शेतकरी बंधूची पत्नी अर्धांगवायूने तीन वर्षे अंथरुणास खिळली आहे. तिला न्हाऊ घालणे, वेणी घालणे, पाठीस जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस पालटून देणे, मलमूत्र काढणे, हे सर्व तो स्वतः करितो. भेटावयास येणारे म्हणतात, "धन्य तुमची! असा नवरा लाखांत एक." आम्हीही तसेच बोललो. तो म्हणाला, "पाळकसाहेब, धन्य म्हणणारे पुष्कळ आहेत, तासभर बसणारा एक नाही."

हे शब्द आम्हांस लागले. शेजारच्याच घरी एक सून सासूचे हेच सारे सात वर्षे करीत आहे. तिला धन्य म्हणावयास कोणी गेले नाही. स्त्रीने केले तर रीत आणि पुरुषाने केले तर पुण्य, हा न्याय कोणता? सरकारने २०२४ साली लोकांच्या वेळेची पाहणी केली, तीत १५ ते ५९ वर्षांच्या स्त्रियांपैकी शेकडा ४१ घरच्या माणसांची देखभाल करिताना आढळल्या, व पुरुषांपैकी शेकडा २१.४. यांत लेकरांची देखभालही आली. तरी लाखांत एक हे खरे नव्हे.

परंतु या वाहवेत अन्यायाहूनही वाईट असे काही आहे. ज्यास आपण देवमाणूस ठरविले, त्यास थकण्याची मोकळीक उरत नाही. तो रात्री तिच्यावर खेकसला, तर कोणास सांगेल? पारावरचे सोबती तर केव्हाच यावयाचे थांबले.

मोहनदास गांधी सोळा वर्षांचे असता आजारी वडिलांची जखम बांधीत, औषध देत, रोज रात्री पाय चेपीत. १८८५ साली एका रात्री चुलत्याने त्यांस मोकळे केले. ते पत्नीच्या खोलीत गेले, आणि काही मिनिटांतच वडील वारले. हा डाग आपणांस कधी पुसता आला नाही, असे त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे. त्यांच्या अंतःकरणाचा न्याय करणारे आम्ही कोण? आमचे लक्ष त्या चुलत्याकडे जाते. पुतण्याची जागा त्याने आपण होऊन घेतली. तसा चुलता आमच्या बंधूस कोणी झाला नव्हता.

मागील बाजाराच्या दिवशी आम्ही सपत्नीक त्याच्या घरी जाऊन बसलो. तो बाजारास गेला नाही. ओसरीवर घोंगडी टाकून दिवे लागेपर्यंत निजला.