न मोजलेला रोगी

क्षयरोग्याचे नाव सरकारदरबारी न कळवणे ही दया आहे काय? पुष्कळ सज्जन डॉक्टरांना तसे वाटते. घरात लग्नाची मुलगी असते, खोली भाड्याची असते, नोकरी कच्ची असते. नाव फुटले तर संसार विस्कटेल, म्हणून ते गुपचूप औषध देतात. हा विचार आम्हांस हलका वाटत नाही. पण तो अपुरा वाटतो.

भारतात मे २०१२ पासून क्षयाचा प्रत्येक रोगी कळवणे बंधनकारक आहे. तरी किती निसटतात, याचा अंदाज संशोधकांनी औषधांच्या विक्रीवरून बांधला. २०१४ साली खासगी क्षेत्रात उपचार घेणारे सुमारे २२ लाख असावेत, म्हणजे तोवर मानलेल्या संख्येच्या दुप्पट-तिप्पट, असे निघाले. पुढे २०१९ साली २४.०४ लाख नोंदी झाल्या आणि करोनाच्या २०२० साली १८.०५ लाख. एका वर्षात सहा लाखांनी रोग का ओसरला? ओसरली ती शोधाशोध. म्हणून लहान आकडा पाहून समाधान मानू नये. जो जिल्हा कसून शोधतो त्याचाच आकडा फुगतो, आणि हात जोडून बसलेला शाबासकी घेऊन जातो.

आता त्या दयेचा हिशेब पाहू. नाव कळवले नाही, तर घरातल्या लहानग्यांची तपासणी कोण करणार? त्यांना प्रतिबंधक गोळ्या कोण देणार? रोग्याने औषध मध्येच सोडले तर विचारायला कोणी येत नाही, आणि अर्धवट औषधाने रोगजंतू औषधाला दाद देईनासे होतात. सरकारकडून पोषणासाठी मिळणारे दरमहाचे पैसेही बुडतात. एकावर केलेल्या दयेची किंमत त्याच खोलीत निजणारे मूल भरते.

पण सारा दोष डॉक्टरांच्या माथी मारणे न्यायाचे नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणीत लक्षणे असलेल्यांपैकी ६४ टक्के लोकांनी उपचारच शोधला नव्हता. कोणाला खोकला क्षुल्लक वाटतो, कोणाची रोजी बुडते, आणि कोणी भितो. ही भीती कोणाची? सरकारी वहीची थोडी, शेजाऱ्यापाजाऱ्यांची फार. नोंद म्हणजे दवंडी नव्हे. ती गुप्त राखणे हे आरोग्यखात्याचे कर्तव्य आहे. आणि कळलेच तर खोली रिकामी करायला न सांगणे, ठरलेली सोयरीक न मोडणे हे आपले. साधा क्षय सहा महिन्यांच्या नियमित औषधाने बरा होतो. ज्या गल्लीत नाव सांगण्याचे भय नाही, तिथलाच आकडा खरा.