हुंडी सकारणार कोण?

जुन्या हुंडीत, म्हणजे एका पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीवर काढलेल्या पैशाच्या चिठ्ठीत, रक्कम नुसती आकड्यात लिहून भागत नसे. आकडा, मग तोच अक्षरी, आणि त्यापुढे त्याचा निम्मा: रुपये एक हजार, निमे पाचशे, त्याची दुप्पट पूर्ण द्यावी. वाटेत कुणी हजाराचे दहा हजार केले तर 'निमे पाचशे' हे दोन शब्द त्याची लबाडी उघडी पाडत. रक्कम कुणाला द्यायची हेही हुंडीवरच ठरलेलं असे. धनीजोग हुंडी धन्यालाच. नामजोग हुंडी नाव लिहिलेल्या माणसालाच. आणि शहाजोग हुंडी बाजारात ज्याची पत आहे अशा शहालाच, किंवा त्याच्या हस्ते. पुढे ती हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली, तर पैसे घेणाऱ्या शहाने ते व्याजासह परत करायचे, नाहीतर आपल्याला हुंडी देणारा माणूस हजर करायचा. हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत म्हणजे पैठ, पैठही हरवली तर तिसरी, परपैठ. हुंडी सकारून रक्कम चुकती झाली की तिचा खोखा व्हायचा, तो पुन्हा चालत नसे. १८८१ साली इंग्रजांनी परक्राम्य संलेखांचा कायदा केला, तेव्हा देशी भाषांतल्या अशा कागदांबाबतच्या स्थानिक रूढींना त्यांनी पहिल्याच कलमात हात लावायचं टाळलं. रूढी इतकी पक्की होती.

आज ज्याला आपण वित्त-तंत्रज्ञान म्हणतो त्याची बाराखडी मला या कागदापासून सुरू करावीशी वाटते, आणि तीही जबलपूरमधून. पैसा दूर पाठवण्याचं तंत्र आणि तो वाटेत लुबाडण्याचं तंत्र, दोन्ही शेजारी शेजारी कशी वाढली हे पाहायला मध्य हिंदुस्थानात याहून चांगलं गाव नाही.

१७९८ ते १८१७ हे गाव नागपूरकर भोसल्यांकडे होतं. भोसल्यांनंतर इंग्रज आले, आणि जैसलमेरहून आलेल्या सेवाराम खुशालचंद यांच्या पेढीचा व्याप एकोणिसाव्या शतकात एवढा वाढला की त्याच घराण्यातले गोकुळदास 'राजा' झाले. (जबलपूरहून वर्षानुवर्षं लोकसभेवर निवडून गेलेले सेठ गोविंददास हे त्यांचे नातू.) अशा पेढ्यांचा व्यवहार हुंड्यांवर चाले, पण सगळाच नव्हे. एका शहराचं दुसऱ्या शहराकडे येणं वाढत गेलं, हुंडणावळ (हुंडीमागे घेतला जाणारा आकार) चढली, की कधीतरी सोनंनाणं प्रत्यक्ष हलवावंच लागे. मुंबई, खानदेश, माळवा, बुंदेलखंड या वाटांवरून सावकारांची माणसं फाटक्या वेशात, अंगाखांद्याला चांदी-सोनं बांधून चालत. ठगांची नजर त्यांच्यावरच असे. ठग दरोडेखोरासारखा अंगावर धावून येत नसे. तो आधी वाटेतला सोबती व्हायचा, गोड बोलायचा, 'पुढची वाट धोक्याची आहे, आपण मिळून जाऊ' असं सांगायचा, आणि विश्वास बसला की रुमाल काढायचा.

जबलपूरला आलेल्या विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने या टोळ्यांवरचे खटले चालवले, माफीचे साक्षीदार फोडले, आणि १८३६ मध्ये ठगांविरुद्ध खास कायदा झाला. स्लीमनने रंगवलेलं चित्र जसंच्या तसं घेऊ नये, हे अलीकडच्या इतिहासकारांचं म्हणणं मला पटतं. एखाद्या जमातीला जन्मजात गुन्हेगार ठरवण्याची सवय कंपनी सरकारला तेव्हापासूनच लागली. पण सावकारी खजिना वाटेत लुटला जात होता, एवढं खरं आहे.

पुढे ही वाटच बदलली. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आणि कलकत्त्याकडून येणारे लोहमार्ग जबलपूरला जोडले गेले. तारयंत्र आलं. १८८० पासून टपालखात्याची मनीऑर्डर सुरू झाली. विसाव्या शतकात तोफगाडी कारखाना आणि खमरियाचा दारूगोळा कारखाना उभे राहिले. तिथे नोकरीला आलेल्या कितीतरी मराठी घरांचा महिना मनीऑर्डरीच्या फॉर्मवरच्या चार ओळींच्या खुशालीने पुरा होत असे. दर टप्प्यावर पैशाचा वेग वाढला. मात्र दर टप्प्यावर एक ओळखीचा माणूस समोर होता: मुनीम, बाबू, पोस्टमन. काही चुकलं तर कुणाच्या दारात जाऊन बसायचं हे लोकांना ठाऊक होतं.

आता जबलपूरच्या कमानिया गेटपाशी उभे राहा. खोव्याची जिलबी घेतलीत, साठ रुपये झाले. तुम्ही क्यूआरच्या चौकोनी ठशावर मोबाइल धरता, चार किंवा सहा आकडी पिन टाकता, आणि दुकानातला डबा मोठ्याने रक्कम सांगतो. दोन-तीन सेकंदांत काय झालं? तुमच्या अॅपने निरोप त्याच्यामागच्या बँकेला दिला. तिने तो एनपीसीआय, म्हणजे राष्ट्रीय पेमेंट महामंडळ, याच्या यंत्रणेकडे सोपवला. यंत्रणेने तुमच्या बँकेला विचारलं, तुमच्या बँकेने पिन तपासून खात्यातून साठ रुपये वजा केले, आणि मग दुकानदाराच्या बँकेने ते जमा केले. बँकाबँकांतला हिशेब दिवसातून अनेकदा रिझर्व्ह बँकेतल्या त्यांच्या खात्यांत मिटवला जातो. या सगळ्यात तुमचे पैसे अॅपकडे क्षणभरही नव्हते. ज्या अॅपचं नाव आपण घेतो ते हरकाऱ्याचं काम करतं, तिजोरी बँकेची.

हे एक वाक्य नीट कळलं तरी निम्मी भीती जाते. उरलेली निम्मी घालवायला दुसरं वाक्य लागतं: पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीच नसतो. जुनं फर्निचर विकायला काढलेल्या कितीतरी काकू आणि मावशा 'पैसे घेण्यासाठी पिन टाका' या एका सूचनेवर फसल्या. पैसे मागणारी विनंती आणि पैसे मिळाल्याची पावती पडद्यावर जवळजवळ सारखीच दिसे. शेवटी एनपीसीआयने ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीकडे पैसे मागायची ती सोयच बंद केली. मला हा निर्णय फार महत्त्वाचा वाटतो. वर्षानुवर्षं लोकांना 'सावध राहा' सांगून जे साधलं नाही, ते यंत्रातला एक दरवाजा बंद केल्याने साधण्याची वाट मोकळी झाली.

या यंत्रणेची, म्हणजे यूपीआयची, सुरुवात एप्रिल २०१६ मधली, त्याच नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात दोन हजार कोटींहून जास्त व्यवहार यावरून झाले. या इमारतीचा पाया महाराष्ट्रात घातला गेला, हे आपण विसरतो. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिला गेला. पुढे २०१४ मध्ये जनधन खाती आली, आणि हातात मोबाइल होताच. ओळख पटवायचा खर्च नगण्य झाला, म्हणून ज्याला बँकेची पायरी चढायची हिंमत होत नव्हती त्याचंही खातं निघालं. ही क्रांतीच आहे, आणि ती आपल्या देशाने केली याचा मला मनापासून अभिमान आहे. जबलपूरच्या ग्वारीघाटावर फुलं विकणाऱ्या बाईच्या खात्यात दिवसाची विक्री ओळीने नोंदली जाते. तिच्यासाठी ती आयुष्यातली पहिली रोजकीर्द असते.

त्या रोजकीर्दीतूनच वित्तव्यवहाराचा खरा बदल सुरू होतो. जानेवारी २०२० पासून बँकखात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराकडून कमिशन घ्यायला मनाई आहे. हुंडणावळच संपली म्हणा. मग एवढ्या कंपन्या जगतात कशावर? बऱ्याच अंशी कर्ज, विमा, गुंतवणूक विकण्यावर. फूलवालीची रोजची जमा पाहून कुणीतरी तिला कर्ज देऊ करतो. पूर्वी तिच्याकडे तारण नव्हतं म्हणून पत नव्हती, आता जमेची ओळ हीच पत झाली. यात तिचा मोठा फायदा आहे. शंभरावर रोज एक-दोन रुपये कापून घेणाऱ्याच्या तावडीतून ती सुटू शकते. पण कर्जाची अट, व्याजाचा खरा दर, हप्ता चुकल्यावर काय होणार, हे तिला कोण वाचून दाखवणार?

हा प्रश्न महाराष्ट्राने दीडशे वर्षांपूर्वी सोसला आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांच्या हाती लागेल ते त्यांनी लुटलं, पण त्यांचा रोख होता कर्जखतांवर आणि रोख्यांवर. ज्या कागदावर आपण अंगठा उठवला त्यात काय लिहिलं आहे हे कळत नव्हतं, आणि तोच कागद कोर्टात आपली जमीन नेत होता. सुप्याहून हे लोण पुणे-नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरलं. चौकशी झाली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. त्या कायद्याने काय केलं ते लक्षात घेण्याजोगं आहे. कर्जाचा दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा, सावकाराने पावती द्यावी, मागितल्यावर खात्याचा उतारा द्यावा, असं बंधन घातलं. 'शेतकऱ्यांनो, आधी वाचायला शिका' असं सांगून सरकार मोकळं झालं नाही. कागद लिहिणाऱ्याला कायद्याने बांधलं.

सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने मोबाइलवरच्या कर्जांसाठी केलेले नियम त्याच वाटेने जातात. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात गेली पाहिजे, मधल्या कुणाच्या खात्यातून नको. सगळा खर्च धरून वर्षाचा दर किती पडतो ते एका तक्त्यात आधी दाखवलं पाहिजे. ठरावीक मुदतीत मन बदलायची मुभा हवी, त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्याच दिवसांचा आकार देऊन बाहेर पडता येतं. कर्ज घेणाऱ्या प्रत्येकाने हा तक्ता मागितला पाहिजे. जो हा तक्ता दाखवत नाही त्याचं कर्ज घेऊ नये, इतकं हे साधं आहे.

कर्जात जे झालं ते पैसे पाठवण्यात मात्र अजून पुरतं झालेलं नाही, आणि तिथेच आजचा ठग उभा आहे. तो स्वतःला पोलीस म्हणवतो, सीबीआय म्हणवतो, तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडल्याचं सांगतो आणि व्हिडिओ कॉलवर दिवसच्या दिवस बसवून ठेवतो. 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये आकाशवाणीवरून देशाला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. या सापळ्यात निवृत्त अधिकारी, प्राध्यापक, डॉक्टर अडकतात. त्यांना यूपीआय येत नाही म्हणून नव्हे. आयुष्यभर सरकारी कागदाला मान दिला, वर्दीतल्या माणसाला 'साहेब' म्हटलं, तो संस्कारच त्यांच्या गळ्यातला फास होतो. वाटेत सोबत करणाऱ्या ठगाने प्रवाशाची भीती आणि सज्जनपणा वापरला, हाही तेच वापरतो. अशा वेळी 'एवढे शिकलेले असून फसले कसे?' असं घरच्यांनीच विचारणं हा मला त्या माणसावरचा दुसरा आघात वाटतो. त्या लाजेपायी तक्रार उशिरा होते, आणि उशीर झाला की पैसा पाच-पन्नास खात्यांतून पुढे निघून जातो. १९३० या क्रमांकावर पहिल्या तासाभरात फोन गेला तर वाटेतली रक्कम गोठवता येण्याची शक्यता राहते.

ही पाच-पन्नास खाती कुणाची असतात? बहुतेक वेळा खऱ्या माणसांची, खऱ्या आधारवर उघडलेली. कॉलेजच्या पोराने, हाताला काम नसलेल्या मजुराने चार-दोन हजारांवर भाड्याने दिलेली. त्याच्या खात्यात सहा महिने शेकड्यांचीच उलाढाल असते, आणि एका दुपारी अचानक लाखो रुपये येऊन दहा मिनिटांत बाहेर पडतात. हे त्या बँकेच्या यंत्राला दिसत नाही, यावर माझा विश्वास नाही. रिझर्व्ह बँकेच्याच एका संस्थेने अशी खाती हुडकणारी 'म्यूलहंटर' नावाची प्रणाली केली आहे. म्हणजे ती हुडकता येतात.

आता जबाबदारीचा नियम पाहा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार तुमचा आणि बँकेचाही दोष नसताना तिसऱ्यानेच खात्यातून पैसे काढले, आणि तुम्ही तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर तुम्हाला तोशीस नाही. पण तुमच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असं ठरलं तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. धमकावून तुमच्याच बोटांनी तुमचा पिन टाकून घेतला, तर तो निष्काळजीपणा की जबरदस्ती? आणि ज्या बँकेने त्या भाड्याच्या खात्यात ते पैसे स्वीकारले तिचं काय? शहाजोग हुंडीच्या रूढीत हा प्रश्न पडलाच नसता. पैसे ज्याच्या हाती गेले तो शहा बांधलेला होता: माणूस हजर कर, नाहीतर रक्कम भर. आज हातात रक्कम घेणारी बँक हीच शहा आहे. खातं तिने उघडलं, माणसाची ओळख तिने पटवली, त्या खात्यातल्या ठेवीवर व्यवसाय ती करते.

ब्रिटनने हे मान्य केलं. ७ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे फसवून पैसे पाठवायला लावलेल्या ग्राहकाला बँकांनी पंच्याऐंशी हजार पौंडांपर्यंत भरपाई द्यायची असते, आणि तो भार पाठवणारी आणि स्वीकारणारी बँक यांनी निम्मा-निम्मा वाटून घ्यायचा असतो. नियम आल्यावर पैसे स्वीकारणाऱ्या बँकेला आपल्या दारातून कोण आत येतंय हे पाहण्यात पहिल्यांदाच स्वतःचा नफा-तोटा दिसू लागला. आपल्याकडे वेगळी रक्कम, वेगळं प्रमाण असू शकेल. फूलवालीच्या तीन हजारांना आणि निवृत्ताच्या तीस लाखांना एकच मोजमाप लावता येणार नाही. मोठी रक्कम पहिल्यांदाच अनोळखी खात्यात जात असेल तर ती काही तास वाटेत थांबवावी, असाही पर्याय आहे. त्याने वेग कमी होईल, पण साठ रुपयांच्या जिलबीला लागणारा वेग आयुष्यभराच्या ठेवीला कशाला हवा? ग्राहकांच्या संघटनांनी, ज्येष्ठ नागरिक संघांनी, जबलपूरच्या आणि पुण्याच्याही, 'सायबर जागृती'ची व्याख्यानं जरूर ठेवावीत. त्याच व्याख्यानाला आपल्या शाखेचा व्यवस्थापक बोलवावा, आणि गेल्या वर्षी त्याच्या शाखेतली किती खाती भाड्याची निघाली, त्यांत आलेल्या पैशांपैकी किती परत गेले, हा हिशेब त्याच्याकडे मागावा.